बीएस्सी पहिल्या वर्षाचं फिजिक्स : लोको शेडवाल्या बापाचा रिव्ह्यू

नागपुरात पोरगी बीएस्सीला आहे म्हटलं की समोरचा आधी विचारतो, "काहून, नीट नाही निघाली का?" आमच्या लेकीनं नीट दिलीच नव्हती. तिला फिजिक्स करायचं होतं, आणि ते शेजारच्यांना पटवून द्यायचा नाद आम्ही केव्हाच सोडला.

मी अजनीच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये, म्हणजे रेल्वेची इंजिनं तपासून दुरुस्त होतात तिथे, टेक्निशियन आहे. आयटीआय केलेला माणूस. तिच्या पुस्तकातलं सगळं मला समजतं असं मी म्हणणार नाही. पण माप घेणं आणि ते रजिस्टरला चढवणं ही माझी रोजची रोटी आहे, आणि या कोर्सचा अर्धा जीव मापं घेण्यातच आहे. तेवढ्या अधिकारावर हा रिव्ह्यू लिहितोय. कॉलेज शहरातलंच आहे, नागपूर विद्यापीठाशी संलग्न. नाव देत नाही, कारण पुढे तक्रारीही येणार आहेत आणि लेकीला अजून तिथेच शिकायचंय.

ॲडमिशन घेताना गुळगुळीत कागदाचं प्रॉस्पेक्टस हातात पडतं. इमारत, बगीचा, प्राचार्यांचा फोटो, गॅदरिंगचे फोटो. त्यावरून कोर्स कसा आहे ते काडीचं कळत नाही. खरा माल पहिल्या दिवशी मिळाला, पाठपोट झेरॉक्स केलेल्या दोन पानांत. फिजिक्सच्या विभागप्रमुख मॅडमनी पालकांनाही बोलावलं होतं आणि ती पानं ओळीनं वाचून दाखवली. कोर्समध्ये काय चालेल, काय नाही, मार्क कशाला मिळतील, कशाचे कटतील. मागे बसलेले दोन-तीन पालक मोबाईल पाहत होते. मी मात्र पूर्ण ऐकलं. सेफ्टीच्या सूचना सही करून घ्यायची सवय असलेल्या माणसाला असे कागद वाचायचा कंटाळा येत नाही.

हजेरीचं आधी उरकतो, त्यात नवल काही नाही. ७५ टक्के पाहिजे, ती सगळीकडेच पाहिजे असते. इथे फरक एवढाच की महिन्याच्या महिन्याला यादी बोर्डावर लागते, त्यामुळे परीक्षेच्या तोंडावर "मला कोणी सांगितलंच नाही" ही रड बंद. मित्राची हजेरी लावणारे पोट्टे आहेतच. ते कुठे नसतात!

क्रेडिटचा हिशोब मात्र मला पचला नाही. नव्या शैक्षणिक धोरणात थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास आणि प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. म्हणजे हातानं काम करायचे दोन तास धरले की बसून ऐकायच्या एका तासाची बरोबरी. हे कॉलेजनं ठरवलेलं नाही, देशभर असंच आहे, त्यामुळे त्यांच्या नावानं बोट मोडत नाही. पण माझ्या शेडमधल्या कोणालाही विचारा, लेक्चर ऐकून दमला का बोगीखाली उकिडवं बसून दमला ते.

दुसऱ्या पानावर दहा उदाहरणं दिली होती. शीर्षक साधं, "हे येतं का बघा." साइन-कॉसची साधी समीकरणं, दोन सदिशांचा गुणाकार दोन्ही प्रकारे, एक डेरिव्हेटिव्ह, एक सोपं इंटिग्रेशन, लॉगचा एक हिशोब. खाली लिहिलं होतं की सहापेक्षा कमी सुटली तर पहिल्या पंधरवड्यात संध्याकाळच्या जादा वर्गाला या, फी नाही. ही सोय मला फार आवडली. अडचण अशी आहे की फिजिक्सवाले पहिल्या आठवड्यापासून कॅलक्युलस वापरतात, आणि गणिताचा विभाग त्या धड्याला पोहोचतो दिवाळीच्या आसपास. दोन्ही विभाग एकाच मजल्यावर, मध्ये फक्त पाण्याची टाकी. वेळापत्रक जुळवायला एक चहा पुरला असता. ते जुळेपर्यंत हा जादा वर्ग कामी येतो. लेकीची सात सुटली, तरी ती गेली आणि फायद्यात राहिली. जे सेमीमधून आले, ज्यांना शब्द कळतात पण वाक्य अडतं, त्यांच्यासाठी तर हा वर्गच खरा कोर्स म्हणायला हरकत नाही, कारण तिथे शिकवणारे सर मराठीत बोलतात आणि फळ्यावर इंग्रजीत लिहितात.

आता मार्कांचं. पानावर ठळक अक्षरात होतं की पाच मार्कांच्या उदाहरणात शेवटच्या आकड्याला एकच मार्क. आकृतीला एक, कोणता नियम आणि का लावला त्याला एक, मांडणीला एक, आणि एककासकट आकडे योग्य घेतले याला एक. बारावीपर्यंत चार पर्यायांतून एक गोळा काळा करायला शिकलेल्या पोरांचं इथे पहिल्या चाचणीत पानिपत होतं. आमच्याकडेही झालं. "उत्तर बरोबर आलं तरी पाचपैकी दोनच!" म्हणून लेक घरी तणतणत आली. मी पेपर पाहिला. आकृती नाही, बाण नाहीत, एकदम सूत्र आणि खाली उत्तर. मी म्हटलं, माझ्या जॉब कार्डावर कोणी नुसतं "काम झालं" लिहिलं तर मी इंजिन सोडीन का? ती दोन दिवस बोलली नाही, पण दुसऱ्या चाचणीत आकृत्या आल्या. तिनापैकी चांगल्या दोन चाचण्या धरतात, हाही नियम पोरांच्या बाजूचा आहे.

एककाबाबत हे लोक कडवे आहेत. एकक लिहिलं नाही तर तो मार्क गेलाच. एकदा तिनं मला विचारलं, "बाबा, तुमच्या ब्रेक पाइपमध्ये प्रेशर किती असते?" मी म्हटलं, पाच. फीड पाइपला सहा.

"पाच काय?"

"पाच म्हणजे पाच. किलो."

"किलोत प्रेशर मोजतात?"

तसं ते किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर. पण शेडमध्ये तेवढं कोण बोलतं, सगळ्यांना कळतं. तिनं वहीत पास्कलमध्ये करून दाखवलं, ४ लाख ९० हजार पास्कल. वजनाचा किलो आणि वस्तुमानाचा किलो यांत ९.८ चा गुणाकार कुठून घुसतो हे मला आयटीआयनंतर पहिल्यांदाच नीट कळलं. घरोघरी असे प्रश्न विचारून या, असं मॅडमनीच सांगितलं होतं म्हणे. कोणाच्या घरी कुकरची शिट्टी, कोणाकडे गॅस सिलिंडर, आमच्याकडे ब्रेक पाइप.

आता प्रॅक्टिकल. हा रिव्ह्यू मुळात त्याच्यासाठीच लिहायला घेतला.

नियम असे. प्रयोग वाचून यायचं; दारात एक-दोन प्रश्न विचारतात, कोरा आला तर बाहेर बसून आधी वाचा. रीडिंग कच्च्या वहीत, पेननं. पेन्सिल नाही, खोडरबर नाही, व्हाइटनर नाही. चुकलं तर एक आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला नवा आकडा. निघायच्या आधी त्याच दिवशी कच्च्या वहीवर सही. रीडिंग गटानं घ्या, पण हिशोब आणि निष्कर्ष ज्याचा त्यानं लिहायचा. दोन जर्नलमध्ये एकसारखी वाक्यं सापडली तर दोघांनाही शून्य; कोणी कोणाचं उतरवलं ते विचारणार नाही. मोबाईल बॅगेत, स्टॉपवॉच म्हणूनही चालणार नाही. कॅल्क्युलेटर साधा सायंटिफिक, प्रोग्रॅमवाला नाही. प्रयोग बुडला तर सेमिस्टरच्या शेवटी एक दिवस राखून ठेवलाय, त्या दिवशी एकच प्रयोग भरून काढता येईल.

आडव्या रेघेचा नियम वाचून मला बरं वाटलं. आमच्याकडे चाकाचा व्यास मोजतात. डब्ल्यूएजी-९ इंजिनाचं नवं चाक १०९२ मिलिमीटरचं, झिजत झिजत १०१६ ला आलं की बाद. त्या रजिस्टरमध्ये कोणी खाडाखोड केली तर तो आकडा कोणी धरत नाही, परत मोजायला लावतात. जुना आकडा दिसायला पाहिजे, कारण कधी कधी जुनाच बरोबर निघतो. हे अठरा वर्षांच्या पोरांना कोणी तरी पहिल्याच दिवशी सांगून राहिलं, यासाठी मी या कोर्सला पाचपैकी पाच द्यायला तयार होतो.

साध्या लंबकाचा प्रयोग लेकीनं घरी करून पाहिला. झोक्याच्या वेळेवरून जी काढायचा, म्हणजे पडणाऱ्या वस्तूचा वेग गुरुत्वाकर्षणानं दर सेकंदाला किती मीटर प्रति सेकंदानं वाढतो ते. क्वार्टरच्या हॉलच्या चौकटीला शिवणाचा दोरा, खाली शेडमधून आणलेला बाद नट. दोऱ्याच्या गाठीपासून नटाच्या भोकाच्या मध्यापर्यंत बरोबर १०० सेंटिमीटर. ऑक्टोबरची उकड, आणि हिनं पंखा बंद करायला लावला, वाऱ्यानं नट गोल फिरतो म्हणून. धाकट्याला मोजायला बसवलं. त्यानं नट गुडघ्यापर्यंत ओढला.

"इतका नाही रे! नऊ सेंटिमीटरच्या आत."

"काहून?"

"पाच अंशापेक्षा मोठा झोका झाला की सूत्र लागू पडत नाही."

वीस अंशांचा झोका दिला तर एका झोक्याचा वेळ पाऊण टक्क्यानं वाढतो आणि जीचं उत्तर दीड टक्क्यानं घसरतं. पाच अंशांत ही चूक नावापुरती उरते. हे मागाहून तिनं वहीत दाखवलं. धाकट्यानं सोडला नट आणि मोजायला लागला, "एक, दोन, तीन..." वीस झाले, घड्याळ थांबवलं, ३८.२ सेकंद. हिशोब केला तर जी आला १०.८२. तो खूश, "आपल्या घरी गुरुत्वाकर्षण जास्त आहे!" तिनं डोक्याला हात लावला. नट सोडताना "एक" म्हटलं की वीस म्हणेपर्यंत झोके एकोणीसच होतात. सुरुवात "शून्य" म्हणून करायची. लॅबमध्ये दर वर्षी निम्म्या बॅचला १०.८ येतो आणि मॅडम आकडा पाहूनच सांगतात, तू एकपासून मोजलंस. मग शून्यापासून मोजलं. ४०.३, ४०.१, ४०.२. त्यावरून जी ९.७२, ९.८२, ९.७७.

वीस झोके कशाला, एकच का नाही मोजायचा, हा तोंडी परीक्षेतला ठरलेला प्रश्न आहे. घड्याळ दाबताना हाताला लागणारा उशीर सेकंदाचा पाचवा भाग धरा. एका झोक्यात तो दोन सेकंदांतला दहा टक्के होतो, वीस झोक्यांत चाळीस सेकंदांतला अर्धा टक्का. वेळेचा वर्ग येतो म्हणून जीमध्ये ती चूक दुप्पट होते, म्हणजे एक टक्का. म्हणजेच अशा घड्याळानं काढलेला जी ९.७ ते ९.९ च्या मध्ये कुठेही आला तर प्रयोग चोख झाला, आणि तिसरा आकडा छातीठोकपणे लिहायचा अधिकार कोणालाच नाही. हेही त्या दोन पानांत होतं, एका ओळीत, "उपकरणाला जेवढं दिसतं तेवढंच लिहा." व्हर्नियरला सेंटिमीटरचा शंभरावा भाग दिसतो, स्क्रूगेजला हजारावा. कॅल्क्युलेटरनं दिलेले आठ आकडे उतरवून ठेवाल तर मार्क जाईल.

मॅडमनी पहिल्या महिन्यात एक उदाहरण दिलं होतं, ते तर मी शेडमध्येही सांगत फिरलो. नागपूरचा जी किती? पुस्तकात ९.८१ असतो. पण पृथ्वी फिरते आणि विषुववृत्ताजवळ फुगीर आहे, त्यामुळे विषुववृत्तावर जी ९.७८० आणि ध्रुवावर ९.८३२. ९.८१ हा लंडन-पॅरिसकडचा आकडा. नागपूर २१ अंशांवर. तिथे समुद्रसपाटीला ९.७८७ निघतो. मग उंचीची वजावट. झीरो माईलच्या खांबाजवळच्या बेंचमार्कची (उंची मोजून ठेवलेल्या खुणेची) उंची १०२०.१७१ फूट, म्हणजे ३११ मीटर. त्यानं एक हजारांश कमी होतो. राहिला ९.७८६. पुढचा प्रश्न असा की ती उंची फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत दिलीय, तुमच्या उत्तराला त्यातले किती आकडे लागले? उत्तर : पहिले दोन पुरे. झीरो माईलवरून आम्ही आयुष्यभर ये-जा करतो. तो खांब असा कामाला लागेल असं वाटलं नव्हतं.

इथवर सगळं सोन्यासारखं. आता जर्नल.

जर्नल म्हणजे पक्की वही. कच्च्या वहीतलं रीडिंग तिच्यात सुवाच्य उतरवायचं, आकृती पेन्सिलनं, आठवड्याच्या आत जमा करायचं, एक दिवस उशीर झाला तरी मार्क कमी. तपासतात दुसरेच सर. लेकीनं लंबकाच्या प्रयोगाचं सरासरी उत्तर ९.७४ लिहिलं होतं, खाली चूक किती असू शकते त्याचा अंदाज, अधिक-उणे ०.१. कच्च्या वहीवर मॅडमची सही. सरांनी लाल पेननं गोल केला आणि लिहिलं, "प्रमाण मूल्य ९.८१. रीडिंग परत घ्या." तिनं कच्ची वही दाखवली. सर म्हणाले, ते ठीक आहे, पण बाहेरचे परीक्षक आले की त्यांना ९.८१ दिसला पाहिजे.

बॅचमधल्या बाकीच्यांना ही गोष्ट आधीच ठाऊक होती. सीनियरचं जर्नल हातोहात फिरतं. त्यात ९.८०, ९.८१, ९.८१ अशी रीडिंग मांडून ठेवलेली असतात, वेळ मागून उलटा हिशोब करून भरलेली. त्यांना जास्त मार्क. म्हणजे दोन पानांत सांगायचं "जे दिसलं तेच लिहा", आणि मार्क द्यायचे जे पुस्तकात आहे ते लिहिणाऱ्याला. वर त्यांचंच उदाहरण सांगतं की ९.८१ नागपूरचा नाहीच! ज्याचा लंबक नागपुरात सीताबर्डीच्या, म्हणजे आमच्या बुल्डीच्या आसपास डोलून बिनचूक ९.८१ सांगतो, त्यानं एक तर लंबकाकडे पाहिलं नाही किंवा घड्याळाकडे.

मी विभागात जाऊन बोललो. भांडायला नव्हतो गेलो. मॅडमनी ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं की नियम त्यांचा आहे, जर्नल तपासणारे वेगळे आहेत, परीक्षक विद्यापीठाकडून येतात, आणि पोरांचे मार्क जाऊ नयेत म्हणून तपासणारे घाबरतात. मला हे उत्तर आवडलं नाही, पण खरं वाटलं. लेकीचं ९.७४ त्यांनी तसंच राहू दिलं. त्यावर मार्क दहापैकी सात. ९.८१ वाल्यांना नऊ. दोन मार्कांनी तिचं काही अडणार नाही. पण पुढच्या प्रयोगाला तिच्या गटातल्या एकीनं विचारलं की रीडिंग आधी घ्यायचं का उत्तर आधी ठरवायचं, आणि ते काही गमतीनं विचारलं नव्हतं.

जर्नलच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे. ती पक्की वही बंद करा. कच्च्या वहीलाच मार्क द्या, मोडक्या अक्षरासकट, आडव्या रेघांसकट. सुवाच्य उतरवण्यात आठवड्याची एक रात्र जाते आणि त्या रात्रीच आकडे दुरुस्त करायचा मोह होतो. रीडिंग चुकीचं आलं तर ते का आलं हे दोन ओळींत लिहिणाऱ्याला पूर्ण मार्क, एवढी एक ओळ त्या दोन पानांत वाढवली तर बाकी काही बदलायची गरज नाही.

बाकी सोयींचं थोडक्यात. बॅच वीस जणांची, लंबकाचे स्टँड चार, त्यामुळे एका स्टँडला पाच डोकी. दोघं काम करतात, तिघं गप्पा मारतात. स्क्रूगेजांपैकी निम्म्यांना शून्याची चूक आहे, म्हणजे मध्ये काही न धरताही ते शून्य दाखवत नाहीत. ती असू द्या, चूक शोधून वजा करायला त्यातूनच शिकतात. पण एकाची तर थिंबलच (फिरवायची टोपी) अडकते, तो फेकायला पाहिजे. लॅबमधले भाऊ हुशार माणूस आहेत, कोणत्या स्टॉपवॉचचं बटण अडतं ते त्यांना तोंडपाठ, कोणालाही नाही म्हणत नाहीत. दुसरं सेमिस्टर उन्हाळ्यात संपतं. पारा पंचेचाळीसकडे, आणि लंबक, टांगलेला दांडा, असले प्रयोग आले की पंखे बंद. कूलरची जाळी सुकलेली. पोरं घामानं भिजून झोके मोजतात. केशिका नळीच्या प्रयोगात तापमान लिहावं लागतं, तेव्हा थर्मामीटर पाहून सगळ्यांना कळतं की आपण कशात बसलोय. निदान एक एक्झॉस्ट लावा हो.

शंकांसाठी आठवड्यात दोन तास राखून ठेवलेत, मॅडम केबिनमध्ये बसतात. कोणी जात नाही. आपल्याकडे केबिनमध्ये जायचं म्हणजे काही तरी चुकलंय असंच पोरांना वाटतं. लेक मैत्रिणीला घेऊन गेली, तर मॅडमनी आधी चहाचं विचारलं. नवीन येणाऱ्यांनी हे तास सोडू नका, खाजगी क्लासमध्ये पैसे मोजून एवढा वेळ मिळत नाही. एआयबद्दलही एक नियम आहे. समजून घ्यायला वापरा, पण घरी सोडवून आणलेलं कोणतंही उदाहरण फळ्यावर सोडवायला उठवलं जाईल, नाही आलं तर त्या आठवड्याचे मार्क नाहीत. पहिल्याच शनिवारी चार जण उठले आणि चारही फळ्यासमोर नुसतेच उभे राहिले. त्यानंतर वर्गात उदाहरणं कमी येतात, पण आपली येतात.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं पोस्टर लावलं की सर्टिफिकेट मिळतं आणि ते अंतर्गत मार्कांत धरतात. हे मला थोतांड वाटतं. थर्माकोल आणि चमकी. त्यापेक्षा त्याच आठवड्यात गांधीसागरजवळच्या रामन विज्ञान केंद्रात नेलं, ते बरं होतं. रामन स्वतः वित्त खात्याच्या नोकरीत काही काळ नागपुरात होते, दिवसा सरकारी हिशोब आणि बाकीच्या वेळात फिजिक्स. हे ऐकून आमच्या शेडमधल्या अकाउंट्सवाल्याची मान ताठ झाली.

मग पोरांना इथे घालावं का? ज्याला फिजिक्सच करायचंय त्याला घाला. नीटची दुसरी खेप देता देता हजेरीपुरता प्रवेश घ्यायचा असेल तर नका घालू. प्रॅक्टिकलच्या दारातच ते उघडं पडतं, आणि बुडलेला प्रयोग एकच भरून देतात. गणित कच्चं असेल तर चालेल, पण पहिल्या पंधरवड्यातला तो संध्याकाळचा वर्ग चुकवू नका. घरी बसून वेळ देणार नसेल तरी नका घालू. त्या पानांवर लिहिलंय की एका लेक्चरमागे घरी दोन तास, आणि ते खोटं नाही. लेक रात्री अकरापर्यंत दिवा लावून बसते, आणि मी फर्स्ट शिफ्टला असलो की आमचं त्यावरून वाजतं.

माझे गुण : त्या दोन पानांना पाच, शिकवण्याला साडेचार, लॅबला तीन, जर्नल तपासणीला एक. तो एकही मॅडमनी ऐकून घेतलं म्हणून.

कोणत्याही कॉलेजात ॲडमिशनला जाल तेव्हा प्रॉस्पेक्टस बाजूला ठेवा आणि मागच्या वर्षीची एखादी कच्ची वही दाखवा म्हणा. रेघा मारलेली, खाली सही असलेली निघाली तर फी भरा. आणि फोन चालत नाही, लॅबमधली घड्याळं अडतात, तेव्हा बुल्डीवरून एक साधं स्टॉपवॉच घेऊन द्या. घेताना बटण दहा-वीस वेळा दाबून पाहा.